शाल नको, बूट आणा

मागच्या एप्रिलात आमच्या अर्नाळ्याच्या वाडीत एका पोरीचा सत्कार झाला. पोरगी म्हणजे माझी पुतणी, थोरल्या भावाची. शंभर आणि दोनशे मीटर धावते. धावते कसली, धावायची. स्टेजवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धमूर्ती, मागं फ्लेक्स. फ्लेक्सवर सतरा पुढाऱ्यांची थोबाडं आणि त्यांच्या खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी ती. निवेदक माइकवर ओरडला, "लांब उडीत जिल्ह्यात नाव काढणारी आपली भगिनी!" तिनं जन्मात लांब उडी मारलेली नाही. कुणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही. मी कमिटीत होतो, माझ्या हातात शालींचा गठ्ठा होता आणि पुढचा सत्कार खोळंबला होता.

शाल, नारळ, प्लास्टिकची ट्रॉफी. फोटो. टाळ्या. दीड मिनिटात पोरगी आटोपली. मग डीजे लागला तो बंद करायला पोलिसांना यावं लागलं.

एप्रिलात शाल! अर्नाळ्याच्या खाऱ्या दमट उकाड्यात, अंग चिकचिकत असताना, धावणाऱ्या पोरीच्या खांद्यावर लोकरीची शाल. ही रीत आपण कुणाकडनं उचलली ते सगळ्यांना माहीत आहे. पण उचलली ती अशी इमानेइतबारे पाळतो की तिचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. पोरीला पडला. स्टेजवरनं उतरल्यावर मला म्हणाली, "काका, ह्याचं काय करू?" मी म्हणालो, "घडी करून ठेव, आठवण राहील." वहिनीनं पावसाळ्यात ती शाल खिडकीच्या फुटक्या काचेला लावली. तेवढा एक उपयोग झाला.

पुढं ऑक्टोबरात मुंबईला निवड चाचणी होती. भाऊ विरार-अर्नाळा रिक्षा चालवतो. पहाटे चारला त्यानं तिला स्टेशनावर सोडलं. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. विरार लोकल ज्यानं केली आहे त्याला सांगायला नको. पोरगी उभ्यानं गेली, शंभर मीटर धावली, उभ्यानं परत आली. पायात मैत्रिणीचे उसने स्पाइक्स, एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला. ब्लॉकमधनं निघताना बुटातनं टाच निसटली. तुम्ही म्हणाल, टाच निसटली तर काय एवढं? भावांनो, शंभर मीटरला सेकंदाचे शंभर तुकडे करून मोजतात. तिथं टाच निसटणं म्हणजे परीक्षेत पेपर सुरू झाल्यावर पेन शोधणं. ती चौथी आली. तिघी घेतल्या.

घरी आल्यावर तिनं स्पाइक्स पुसले आणि परत नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्याला शिव्या घालून लेख संपवणं सोपं आहे. चाचणीच्या आधी महिनाभर मी तिला ओहोटीच्या वेळी पळताना बघितलं होतं. समोर किल्ला, मागं सुरूची झाडं, झाडांखाली तीन-चार पोरं मोबाइल धरून तिचं शूटिंग करत होती. हसत होती. त्यांतली दोन आमच्याच वाडीतली, जयंतीला निळा फेटा बांधून पुढं नाचणारी. मी त्यांना काय बोललो? काही नाही. तिला हाक मारली आणि म्हणालो, "फुल पँट घालत जा." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फुल पँट घालून धावली. ओली वाळू, ओली पँट, त्यात वेग कुठनं येणार? मी चळवळीतला माणूस. मनुस्मृती का जाळली ह्यावर तासभर बोलू शकतो. पण त्या दिवशी माझ्या तोंडातनं मनूच बोलला.

ह्या सगळ्या भानगडीत मला मेरी डिसोझाचं नाव सापडलं.

१९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक म्हटलं की मराठी माणसाला खाशाबा जाधव आठवतात. आठवावेतच. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मेल्यावर. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे, भाषणात कामाला येते. पण त्याच हेलसिंकीला भारतातनं चार पोरी गेल्या होत्या, हे किती जणांना ठाऊक? स्वतंत्र भारताकडनं ऑलिम्पिकला गेलेल्या पहिल्या बायका. आरती साहा आणि डॉली नाझिर पोहायला. आरती तर तेव्हा ११ वर्षांची. नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा धावायला.

मेरी वांद्र्याची. म्हणजे आमच्याच वेस्टर्न लाइनची. जन्म १९३१ चा. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तिथं २०० मीटरला ब्राँझ आणि रिलेत रौप्य. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिकसाठी निवड झाली, आणि अडचण तीच, जी खाशाबांची. पैसे कुठायत? वांद्र्यातल्या ओळखीपाळखीच्या लोकांनी नाचाचे आणि पत्त्यांचे कार्यक्रम लावून तिच्यासाठी वर्गणी गोळा केली. आपल्याकडं जयंतीची वर्गणी काढतात तशी. फरक एवढाच की ती वर्गणी पोरीच्या पायाला लागली, स्पीकरला नाही.

हेलसिंकीला ती १०० आणि २०० दोन्ही धावली. पहिल्याच फेरीत बाहेर. ऑलिम्पिक सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी तिला २१ वर्षं पूर्ण झाली होती. समोर कोण, तर वर्षानुवर्षं कोचच्या हाताखाली, बांधलेल्या ट्रॅकवर घडलेल्या पोरी. पण दोन वर्षांनी, १९५४ साली, मनिलाच्या आशियाई खेळांत चार पोरींनी चारशे मीटरची रिले जिंकली: मेरी डिसोझा, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स, ख्रिस्तीन ब्राउन. आशियाई खेळांत भारतीय बायकांनी ॲथलेटिक्समध्ये मिळवलेलं ते पहिलं सुवर्ण. मेरी हॉकीतही भारताकडनं खेळली, ते वेगळंच. १९५६ ला मेलबर्नच्या ऑलिम्पिकला मात्र अख्ख्या देशातनं एकच बाई धावायला गेली, मेरी लीला राव. मनिलाच्या सुवर्णानंतर दोन वर्षांत देशाला एवढ्याच बायका परवडल्या.

अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला. १९६३ ला स्टेफीला मिळाला. मेरीला? मेरीला ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०१३ साली. वय ८२. मनिलातली रिले पन्नास सेकंदांच्या आत संपली होती. सरकारला निकाल कळायला ५९ वर्षं लागली. च्यायला, आपल्या तालुका कचेरीतली फाइल ह्यापेक्षा जोरात धावते!

आता कुणी विचारेल, आणि कमिटीत एकानं मला विचारलंही, मेरी डिसोझा काय दलित होती? नव्हती. मग तिचं काय एवढं? मी म्हणालो, खाशाबा तरी कुठं आपल्या वाडीतले होते? तरी भाषणात सांगतोस ना? आमच्या भोवती वसईच्या गावांत डिसोझा, परेरा, लोपीस घरोघरी आहेत, शतकानुशतकं मराठी बोलतात, भाजी-फुलं पिकवतात. पण मराठी क्रीडापटूंची यादी करायला बसलं की त्यांचं नाव कुणाला सुचत नाही. वांद्रे आमच्या महाराष्ट्रात आणि मेरी मात्र कुठल्या तरी परक्या मुलखातली. नाव मेरी, पायात हाफ पँट, वर बाईमाणूस. तीन कारणं पुरेशी झाली. कुणाला मोजायचं आणि कुणाला मोजायचं नाही, हे जो ठरवतो त्याच्याशी आपलं भांडण आहे ना? मग त्या भांडणात मेरी आपल्या बाजूला उभी आहे. तिला विचारलं नसलं तरी.

हेलसिंकी फिनलंडमध्ये. त्याच फिनलंडमध्ये ताम्पेरे म्हणून दुसरं शहर आहे. तिथं १२ जुलै २०१८ ला आसामच्या धिंग गावची हिमा दास ४०० मीटर धावली आणि २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण घेऊन बसली. जागतिक पातळीवर ट्रॅकवर भारताचं पहिलं सुवर्ण. भातशेती करणाऱ्याची पोरगी. पळण्याचा व्हिडिओ बघा, शेवटच्या शंभर मीटरला ती मागनं येते आणि एकेकीला गिळत जाते. अंगावर काटा येतो. मग देशानं काय केलं? आपल्याच ॲथलेटिक्स महासंघानं जाहीर केलं की पोरीचं इंग्रजी तेवढं चांगलं नाही. लोक खवळले तेव्हा माफी मागितली. आणि लोकांनी तरी काय केलं? गूगलवर तिची जात शोधली. एवढ्या लोकांनी शोधली की त्याची पेपरात बातमी झाली. मेरीपासनं हिमापर्यंत ६६ वर्षं. पुढं सरकलो ते एवढंच, की आधी धावणारी पोरगी दिसतच नव्हती. आता दिसते, आणि दिसल्या दिसल्या तिची जात विचारतात.

शांती सौंदराजनचं तर काय सांगू. तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यातली, दलित, वीटभट्टीवरच्या मजुरांची पोरगी. २००६ च्या डिसेंबरात दोहाच्या आशियाई खेळांत ८०० मीटरला रौप्य. मग चाचणी. कसली चाचणी? तू बाई आहेस का, ह्याची. नापास ठरवलं. पदक काढून घेतलं. तिच्या शरीराची चर्चा टीव्हीवर, चहाच्या टपरीवर, जगभर. काही वर्षांनी पत्रकारांना ती सापडली तेव्हा ती वीटभट्टीवर मजुरी करत होती. पुढं कोच झाली, पोरं घडवायला लागली, ती तिच्या हिमतीवर आणि तिच्यासाठी भांडणाऱ्यांच्या जोरावर. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ साली तसंच बाजूला काढलं. ती खेळाच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेली आणि २०१५ ला तो नियम स्थगित करून परत ट्रॅकवर आली. आठ-नऊ वर्षांचा फरक. शांतीच्या वेळी लवाद नव्हता असं नाही. तिच्या बाजूनं कागद घेऊन तिथवर जाणारं कुणी नव्हतं. आपण होतो की तेव्हा! मोर्चे काढत होतो. शांतीसाठी अर्नाळ्यातनं एक साधं पत्र गेलं का? नाही गेलं. मी तपासून सांगतो आहे, कारण वाडीतली पत्रं तेव्हा मीच लिहायचो.

जवळचं उदाहरण पाहिजे तर आमच्या जिल्ह्यातल्या मोखाड्याला लागून त्र्यंबकेश्वर तालुका, त्यातलं हरसूलकडचं सावरपाडा. कविता राऊतचं गाव. आदिवासी पोरगी. पाणी आणायला लांब चालायची, अनवाणी धावायची. २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ. त्या खेळांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई खेळांत रौप्य. २०१२ ला अर्जुन. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. पेपरवाल्यांनी नाव ठेवलं 'सावरपाडा एक्सप्रेस'. नाव लई आवडलं सगळ्यांना. आणि २०२४ साली, पदकाला १४ वर्षं झाल्यावर, राज्याच्या सरकारी नोकरीसाठी तिला जाहीर विचारावं लागलं की मी आदिवासी आहे म्हणून मला डावलताय का? मला पुढचं-मागचं काही म्हणायचं नाही. मला फक्त एवढंच दिसतं, की तिला विचारावं लागलं. एक्सप्रेस म्हणायचं आणि सायडिंगला उभी करून ठेवायची.

इथं एक गोष्ट माझ्या डोक्यात बरेच दिवस फिरते आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या गरिबाघरच्या, खेड्यापाड्यातल्या पोरी नाव काढतात त्या बहुतेक लांब पल्ल्याच्या शर्यतीत. कविता राऊत, माणच्या मोहीची ललिता बाबर, नाशिककडच्या संजीवनी जाधव, मोनिका आथरे. शंभर-दोनशे मीटरला असं नाव चटकन सांगा बघू. लोक म्हणतात, ह्यांच्यात मुळातच दमसास असतो, डोंगरातली माणसं. हे कौतुक ऐकलं की माझं डोकं सटकतं. हमालाची पाठ मुळातच मजबूत असते म्हणतात त्यातलंच हे. दमसास रक्तात नसतो. लांब पल्ल्याला रस्ता पुरतो, घाट पुरतो, अनवाणी पाय पुरतात, म्हणून पोरी तिथं पोचतात. शंभर मीटरला रस्ता पुरत नाही. तिथं ट्रॅक लागतो, ब्लॉक लागतो, खिळ्यांचे बूट लागतात, हातात घड्याळ घेऊन रोज उभा राहणारा कोच लागतो, मांडीचा स्नायू ओढला गेला तर बघणारा माणूस लागतो, आणि रोजच्या ताटात अंडी, मासे, डाळ, दूध लागतं. बारा सेकंदांसाठी एवढं सगळं.

आमच्या किनाऱ्यावरची ओली वाळू ओहोटीला घट्ट असते, तिच्यावर पळून पोटऱ्या दगडासारख्या होतात. पण वाळू कितीही घट्ट असली तरी पाय रोवला की बोटं थोडी आत जातातच. जमिनीनं जो उलटा धक्का द्यायचा, तो वाळू खाऊन टाकते. माझी पुतणी सात वर्षं असल्या जमिनीवर शिकली आणि एका सकाळी तिला रबरी ट्रॅकवर उभं केलं. पाय कुठं पडतो आणि किती उसळतो हेच तिला नवीन. त्यात बूट दुसऱ्याचा.

गरीब देशाला हे जमतच नाही असंही समजू नका. जमैका बघा. आख्ख्या देशाची वस्ती ३० लाखांच्या आत. तिथं शाळाशाळांच्या धावण्याच्या स्पर्धा शंभराहून जास्त वर्षं चालतात, स्टेडियम भरून माणसं येतात. किंग्स्टनच्या वॉटरहाउस नावाच्या बदनाम गरीब वस्तीतली शेली-ॲन फ्रेझर, आई रस्त्यावर वस्तू विकायची, ती पोरगी २००८ ला बीजिंगला शंभर मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन गेली आणि २०१२ ला लंडनला परत. तिथल्या पोरींच्या रक्तात काही वेगळं नाही. तिथं शाळेतनंच धावायची वाट आहे आणि त्या वाटेवर उभं राहून बघणारा गाव आहे. आमच्या इथं २०११ पासून वसई-विरारची महापौर मॅरेथॉन होते, हजारोंनी लोक धावतात, चांगलं आहे. पण एक दिवस रस्ता बंद करून धावणं वेगळं आणि रोज सकाळी एका पोरीला शंभर मीटर सरळ, सपाट, मोकळी जागा देणं वेगळं.

आता ज्या बाईमुळं हा लेख लिहायला बसलो तिच्यावर येतो.

विल्मा रुडॉल्फ. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली काळी पोरगी. २२ भावंडांतली विसावी. लहानपणी पोलिओ, पायाला आधाराच्या पट्ट्या. ती १९६० ला रोमच्या ऑलिम्पिकमध्ये १००, २०० आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं घेऊन आली. वय २०. तिच्या गावानं, क्लार्क्सव्हिलनं, सत्कार ठरवला. मिरवणूक, मेजवानी, सगळा थाट. पण गाव गोऱ्या-काळ्यांत फाटलेलं. कार्यक्रम म्हटला की गोरे वेगळे, काळे वेगळे, हीच रीत. विल्मानं निरोप दिला: असं असेल तर मी येत नाही. विचार करा. वीस वर्षांची पोरगी, घरची गरीब, गावात पुन्हा राहायचं आहे, आणि सांगते की तुमचा सत्कार तुमच्याजवळ ठेवा. गावाला झक मारत मिरवणूक आणि मेजवानी एकत्र करावी लागली. गोरे आणि काळे एका ठिकाणी बसले असा त्या गावातला तो पहिला कार्यक्रम.

काळ्यांकडनं आपल्या लोकांनी १९७२ साली पँथर हे नाव घेतलं. विल्माची अट घ्यायची राहिली.

आपल्याकडं सत्कार म्हणजे उपकार. घेणाऱ्यानं मान खाली घालायची, देणाऱ्यानं फोटोत मधे उभं राहायचं. आणि शाल दिली की खातं बंद. नंतर ती पोरगी धावते का थांबली, जेवते का उपाशी, कुणी विचारायचं नाही. सरकारवाले मेरीला ८२ व्या वर्षी देतात, आम्ही पुतणीला १८ व्या वर्षी दिली. दोन्हीकडं देणाऱ्याला काही सोडावं लागलं नाही. मंत्र्यांनी असं केलं की आपण त्यांना ढोंगी म्हणतो. आपण केलं की त्याला समाजकार्य म्हणतो.

विल्माची गोष्ट मी पुतणीला सांगितली. ती भांडी घासत होती. ऐकून घेतलं, नळ बंद केला आणि म्हणाली, "मग मी पण अट घालते."

यंदाच्या जयंतीत कमिटीनं पुन्हा तिचं नाव सत्काराच्या यादीत टाकलं होतं. तिच्या अटी मी जशाच्या तशा मीटिंगमध्ये वाचून दाखवल्या. शाल नको, नारळ नको, तिच्या मापाचे स्पाइक्स पाहिजेत. स्टेजवर पुढाऱ्याच्या हातनं काही घेणार नाही. द्यायचेच असतील तर पहाटे तिला स्टेशनावर सोडणाऱ्या बापाच्या आणि धुणं-भांडी करून घर चालवणाऱ्या आईच्या हातनं. निवेदकानं 'शंभर मीटर, दोनशे मीटर' हे शब्द आधी पाठ करून यायचं. आणि सगळ्यात अवघड अट: सकाळी ती किनाऱ्यावर धावत असताना तिच्या कपड्यांवरनं वाडीतला एकही माणूस बोलणार नाही. "एकही" ह्या शब्दावर तिनं माझ्याकडं बघितलं होतं. ते मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. इथं लिहितो.

आधी सगळे हसले. मग हिशेब निघाला. मागच्या वर्षी डीजेला ४५ हजार, फ्लेक्सला ६ हजार, शाली-ट्रॉफ्यांना ८ हजार. बरे स्पाइक्स चार-पाच हजारांत येतात. म्हणजे आपल्या खिशाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न वेगळाच निघाला. आमचे एक बुजुर्ग, ज्यांनी नामांतराच्या वेळी लाठ्या खाल्ल्या आहेत आणि ज्यांना मी आप्पा म्हणतो, ते म्हणाले, "पोरीनं समाजाला अटी घालायच्या? उद्या कुणी पण उठंल." एक तरणा म्हणाला, "पोरी धावून काय दिवे लावणार? दोन वर्षांत लग्न होणार." मागं बसलेल्या बायकांतनं माझी वहिनी उठली. कधी बोलत नाही. म्हणाली, "लग्न तुज्या पोरीचं कर. माज्या पोरीचं नाव लांब उडीत घातलंत, ते आधी नीट करा."

मी बाबासाहेबांची आठवण दिली. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितलं होतं की समाज किती पुढं गेला ते मी बायका किती पुढं गेल्या त्यावरनं मोजतो. मोजतो, हा शब्द बघा. आप्पांना हे भाषण माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. ते गप्प बसले, पण कबूल झाले नाहीत. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. ज्या माणसानं विद्यापीठाच्या नावासाठी डोकं फोडून घेतलं, त्याला एका पोरीच्या शर्यतीचं नाव नीट घ्यायला एवढं जड का जावं? ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मीटिंग अर्धवट सुटली. ठराव लोंबकळतो आहे.

पुतणी धावायला लागली का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. नाही. ती म्हणते, आधी अटी. अनवाणी धावून तुमच्यासाठी आणखी एक ट्रॉफी आणायला मी रिकामी नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र तिच्या मोबाइलमध्ये अजून आहे, परवा चुकून दिसलं.

पुढची मीटिंग येत्या रविवारी संध्याकाळी सहाला, वाडीच्या समाजमंदिरात. डीजेच्या बाजूनं ज्यांना बोलायचं आहे त्यांनीही या. बायकांनी मागं बसू नये, सतरंजी पुढं टाकलेली असेल. आणि विरारला कुणाचं खेळाच्या सामानाच्या दुकानात जाणं झालं तर विचारून या: स्पाइक्स, शंभर मीटरचे, पाच नंबर.